टाटा ४०७ : ऑइल लेव्हलचं कोडं सुटलं

मागच्या नोंदीत जिथे अडलो होतो ती गाठ अखेर सुटली. गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याइतकं इंजिन ऑइल मोजून भरलं की ऑइल बघायची पट्टी (डिपस्टिक) मॅक्सच्या खुणेच्या बरीच वर दाखवते. जास्तीचं काढून पट्टीवर बरोबर आणलं की ताम्हिणी घाटाच्या चढावर ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकतो. त्यात हा दिवा दोन्ही बाजूंनी फसवतो. ऑइल कमी असेल तर चढावर पंप हवा ओढतो, आणि जास्त असेल तर क्रँक ऑइल घुसळून फेस करतो, मग पंपाला फेसच मिळतो. लक्षण एकच, उपाय मात्र उलटे.

चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं ते भांडं) डिझेल उतरत असेल, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. पण नवं ऑइल ओतल्याओतल्या, स्टार्टर मारायच्या आधीच पट्टी वर होती, म्हणून ते बाद. जुनं ऑइल तळाशी उरू नये म्हणून इंजिन गरम करून नट रात्रभर उघडा ठेवला. चासीवर स्पिरिट लेव्हल ठेवून चाकांखाली फळ्या सरकवल्या. हे फालतू वाटेल, पण दोन फुटी चेंबरमध्ये १ अंशाच्या उतारानं टोकाटोकांत सुमारे १ सेंटिमीटरचा फरक पडतो. ऑटोच्या दुकानातल्या मगांवरच्या रेघांवर माझा काडीचा विश्वास नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून १ लिटरचं मापपात्र आणलं आणि पाणी भरून, वजन करून तपासलं. फिल्टरही आधी भरूनच बसवला. त्यात ऑइल बाहेरच्या छोट्या भोकांतूनच ओतलं, कारण मधल्या भोकातून ओतलेलं न गाळता थेट बेअरिंगकडे जातं.

एवढं करूनही पट्टी वरच!

मग गवंड्यांची लेव्हलची नळी आठवली, जिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला थांबतं. लेथवाल्याकडून चेंबरच्या नटाच्या आट्यांचा पितळी निपल करून घेतला, त्याला पारदर्शक नळी जोडली आणि दुसरं टोक इंजिनच्या बाजूला उंच बांधलं. भरण्याचं झाकण उघडं ठेवलं, म्हणजे आतबाहेर दाब सारखा. इंजिन थोडं चालवून बंद केलं आणि ऑइल निथळू दिलं. १५डब्ल्यू-४० ग्रेडचं हे ऑइल नळीत सावकाश चढतं, तेव्हा घाई करू नका. नळीतलं ऑइल चेंबर जिथे ब्लॉकला जोडतो त्या पॅकिंगच्या बरंच खाली येऊन थांबलं. म्हणजे क्रँकला शिवायचा प्रश्नच नव्हता. ते बघून इतकं हलकं वाटलं!

म्हणजे खोट पट्टीत. शेजारच्या भाजीवाल्या मामांच्या ४०७ची पट्टी मागून आणली, त्यांचंही इंजिन माझ्यासारखं ४९७ मॉडेलचंच. दोन्ही पट्ट्या तंतोतंत सारख्या निघाल्या. तेव्हा पट्टी ज्यात बसते त्या पाइपाकडे लक्ष गेलं. वरचं टोक करवतीनं कापलेलं, रंगाखाली लपलेलं. पाइप आखूड झाल्यानं पट्टी जास्त खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. पट्टीवर विसंबून ही गाडी आजवर कमी ऑइलवरच पळत आली.

परवा पुस्तकाप्रमाणे भरून, पट्टीकडे न बघता ताम्हिणी चढलो. दिवा एकदाही लुकलुकला नाही आणि ब्रीदर (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणारी नळी) कोरडा, म्हणजे ऑइल बाहेर फेकलं गेलं नाही. वर पोचल्यावर गाडी थांबवून बॉनेट उघडलं आणि ऐकत उभा राहिलो. टॅपेटचा आवाजसुद्धा गोड लागला.

आता कानस घेऊन पट्टीवर नव्या खुणा करणार होतो. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, नको. उद्या कोणी दुसरी पट्टी घातली की घोळ परत सुरू. पाइपच बदलतो. नाना पेठेत मिळेल, तिथले जुने दुकानदार नुसत्या वर्णनावरून वस्तू काढून देतात. निपल मात्र कायमचा ठेवणार नाही. चेंबरखाली लोंबणाऱ्या वस्तूला आपल्या रस्त्यांवर एक दगड पुरे.

ज्यांनी ४९७चा पाइप बदलला आहे त्यांनी ब्लॉकपासून पाइपाच्या तोंडापर्यंतची उंची मोजून कळवा. नवा ठोकताना तो किती आत न्यायचा, ते त्यावरून ठरवतो.