तो कास्ट

मानसीने दुपारी माझा कोड बघत विचारलं, "दादा, हा कास्ट कशासाठी टाकलाय?" मी पटकन म्हणालो, "इंट आणि लाँग, दोन्ही चारच बाइटचे." ती म्हणाली, "इथेपण?" आणि वळून कामाला लागली. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. कास्ट म्हणजे कंपायलरला, कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, "टाइप वेगळा दिसला तरी हवा तोच समज" असं बजावणं.

इंट आणि लाँग हे सी भाषेतले पूर्णांकांचे दोन टाइप. एका फंक्शनला लाँगचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या त्याच्या जागेचा पत्ता हवा होता, माझ्याकडे इंटचा होता. बोर्डावरच्या ३२ बिटच्या आर्म प्रोसेसरवर दोन्ही चार बाइटचे. तरी कंपायलर बजावत होता, आकार सारखा असला तरी टाइप वेगळे आहेत. मी कास्ट टाकला, वॉर्निंग गेली. सहा वर्षं झाली त्याला.

आता तोच कोड ६४ बिटच्या लिनक्सवर टेस्टसाठी चालवतोय. तिथे इंट चारचाच, लाँग आठचा. स्ट्रक्टमध्ये, म्हणजे मेमरीत एकत्र ठेवलेल्या आकड्यांच्या गटात, आधी रीडिंग, त्याला लागूनच लिमिट. फंक्शनने रीडिंगच्या पत्त्यावर आठ बाइट लिहिले. खालचे चार रीडिंगमध्ये नीट बसले, वरचे चार शून्याचे होते, ते लिमिटवर सांडले. रीडिंग अगदी बरोबर! लिमिट शून्य. आठवडाभर मी लिमिट कोण पुसतंय ते शोधत होतो. घरी कुणाशी धड बोललो नाही. आईचा फोनसुद्धा... असो.

एवढी वर्षं यातच काढली आणि अजून हेच. जेवतानाही तेच घोळत होतं. कंपायलरने सांगितलं होतं. मीच त्याला गप्प केलं. जीसीसी या कंपायलरच्या २०२४ च्या १४ व्या आवृत्तीपासून असा बेमेळ पॉइंटर थेट एरर ठरतो, बिल्डच अडतं, म्हणजे प्रोग्रॅम तयारच होत नाही. माझ्या कास्टमुळे तेही अडलं नाही.

इंटची किंमत लाँगला दिली तर काही बिघडत नाही, कंपायलर स्वतः रुंद करून देतो. पत्त्याचं तसं नाही. वाटीत भाजी काढून देणं वेगळं, आणि वाटी पुढे करून "तुम्हीच ओता" म्हणणं वेगळं. ओतणाऱ्याचा डाव केवढा आहे ते आधी बघायला हवं.

रात्री दुरुस्त केलं. खरा लाँग घेतला, त्याचा पत्ता दिला, आलेला आकडा इंटमध्ये मावतो का ते तपासून मगच रीडिंगमध्ये ठेवला. चार ओळी वाढल्या. वाढू देत. चूक माझी होती, सापडली, बरं झालं ती मानसीला दिसली.

ग्रेपने सगळ्या कोडमध्ये शोधलं तर असे आणखी एकवीस कास्ट निघाले. आज तीन काढले. उरलेले उद्या तिला शेजारी बसवून काढेन.