तिसऱ्या हाकेपर्यंत

एम.ए.च्या वर्गाला मी बरीच वर्षं इंग्रजी-स्कॉटिश बॅलड, म्हणजे गोष्ट सांगणारी लोकगीतं, शिकवते. त्यातलं 'द डीमन लव्हर' माझ्या विशेष जिव्हाळ्याचं. अमेरिकन अभ्यासक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी जमवलेल्या ३०५ बॅलडांमधलं हे २४३वं. प्रियकर समुद्रावर जातो, परत येत नाही. ती एका सुताराशी लग्न करते, लेकुरवाळी होते. आणि एक दिवस तो समोर उभा राहतो. तू मला शब्द दिला होतास, चल, जहाजं आणलीत. ती पोराचा मुका घेते आणि निघते. जहाज जेमतेम तीन लीग, म्हणजे नऊएक मैल, आत जातं, तेव्हा तिची नजर त्याच्या पायाकडे जाते. पावलाच्या जागी दुभंगलेला खूर, सैतानाची खूण!

इथे वर्ग नेहमीच गप्प होतो. गेल्या पावसाळ्यातल्या त्या तासाला मात्र मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, पाय आधी बघायला हवे होते."

बोलणारी विद्यार्थिनी तिशी ओलांडलेली. लग्न, मुलगी, मधे आठ वर्षांचा खंड, आणि मग पुन्हा कॉलेज. हजेरीला "येस मॅडम" म्हणण्यापलीकडे तिचा आवाज मी फारसा ऐकला नव्हता. पोरं हसली. ती हसली नाही.

"आमच्याकडे म्हणतात, भुताचे पाय उलटे असतात. आणि रात्री कुणी नावानं हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. भूत तिसरी हाक मारत नाही. आजी तर ओळखीचा आवाज असला तरी दार उघडू द्यायची नाही. ओळखीचा असला तर जास्तच नाही."

माझ्या अंगावर काटा आला, कारण या गीताचा १६५७चा छापील पाठ मी अजून त्यांना दाखवलाच नव्हता. मी तो काढला आणि वाचला. इंग्लंडमधल्या प्लिमथजवळची जेन रेनल्ड्स. नवरा घरी नाही. रात्री एक आत्मा खिडकीशी येतो, माणसाच्या आवाजात बोलतो, आपलं नाव सांगतो: मी जेम्स हॅरिस, सात वर्षं तुझ्यासाठी वणवण केली.

"बघा," ती म्हणाली, "नवीन काहीच देत नाही तो. तिचंच जुनं तिच्यापुढे आणून ठेवतो."

सैतानाच्या मोहाबद्दल इतकं नेमकं वाक्य मी कुठल्याही टीकाग्रंथात वाचलेलं नाही. मी ते फळ्यावर लिहिलं.

त्या १६५७च्या पाठात खूर नाही. तिथे येतो तो मेलेल्या प्रियकराचा आत्मा. स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉट यांनी १८१२ साली छापलेल्या पाठात त्याला खूर फुटलेला दिसतो. मग गाणं अटलांटिक ओलांडून अमेरिकेतल्या डोंगराळ भागात गेलं, तिथे त्याला 'द हाउस कार्पेंटर' म्हणू लागले आणि बहुतेक पाठांतून सैतानच गळून गेला. अमेरिकन लोकगायक क्लॅरन्स अॅशली यांनी १९३० साली बँजोवर गायलेलं ध्वनिमुद्रण मी मोबाइलवरून ऐकवलं. नाकात गायलेला कोरडा आवाज, बँजोची न थांबणारी टिकटिक. कुठे रडणं नाही, ओढून आणलेली भीती नाही. एक माणूस येतो, ती त्याच्याबरोबर जाते, जहाजावर बाळाच्या आठवणीनं रडते, आणि जहाज बुडतं. बस. मला हा पाठ जास्त जड जातो. खूर दिसला की निदान म्हणता तरी येतं, सैतान होता, ती काय करणार! इथे तेवढाही आधार नाही.

एका मुलानं विचारलं, नंतरच्या गाण्यांत सैतान राहिलाच नाही का? म्हणून मी ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन यांचं १९३७चं 'मी अँड द डेव्हिल ब्लूज' लावलं. पहाटे दारावर थाप पडते, गायक सैतानाला ओळखतो, निघायची वेळ झाली म्हणतो, आणि दोघं जोडीनं चालू लागतात. गिटार ऐकून मुलं खूश. पुढच्या ओळीचा अर्थ मी सांगितला: समाधान होईपर्यंत मी माझ्या बाईला मारणार आहे.

वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरून पुन्हा तीच, पण आता आवाज खालचा. "बाईला सैतान भेटला की ती बुडते. बाप्याला भेटला की तो सोबती होतो, आणि मार बाईच खाते."

मला उत्तर सुचलं नाही. जॉन्सन यांचं गाणं मी वर्षानुवर्षं गिटारसाठी ऐकत आले होते. ती ओळ दर वेळी कानावर पडत होती.

१६५७च्या त्या पत्रकाचं शीर्षक विवाहित स्त्रियांना इशारा देणारं आहे. शेवटी सुतार झाडाला गळफास घेतो, मुलं पोरकी होतात. "आणि इशारा फक्त बायकांना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, फक्त बायकांना.

घंटा झाली, मुलं पांगली. ती टेबलापाशी आली. "मॅडम, ते बँजोवालं पुन्हा लावाल?" मी लावलं. ती उभ्यानंच ऐकत होती, हात पिशवीच्या बंदावर. बाळाचा मुका घेण्याचं कडवं आलं तसं तिनं घड्याळाकडे पाहिलं.

"शाळा सुटली असेल मुलीची," म्हणाली, आणि गाणं संपायच्या आत जिना उतरून गेलीसुद्धा.