आमची वाटचाल: दहा बाय बाराची खोली

मिरजेत रेकॉर्डिंग स्टुडिओ काढतोय म्हटल्यावर शेजारचे हसले होते. तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांचं गाव, इथं गाणं समोर बसून ऐकायची सवय. 2013 साली सासऱ्यांनी घरामागची ज्वारीची पोती ठेवायची खोली आम्हाला मोकळी करून दिली. दहा फूट रुंद, बारा फूट लांब, उंचीही दहाच. रुंदी आणि उंची सारखी असणं स्टुडिओला वाईट असतं, हे तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. आम्ही उलट खूश होतो, चौकोनी छान खोली मिळाली म्हणून.

आम्ही म्हणजे मी आणि माझे दीर. मी गाणं शिकलेली, ते मोटर वाइंडिंग करणारे. जुना संगणक, दोन माईक संगणकाला जोडता येतील एवढा इंटरफेस, एक कंडेन्सर माईक, पाच इंची स्पीकरची जोडी आणि रीपर नावाचं साठ डॉलरचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. एवढ्यावर पाटी लावली.

पहिलं काम गल्लीतल्याच महिला भजनी मंडळाचं, पाच अभंग. टाळ भरदार वाटावेत म्हणून मी एक युक्ती केली. टाळांच्या ट्रॅकची प्रत काढली, तिचा फेज उलटा केला, एक डावीकडे आणि एक उजवीकडे टाकली. हेडफोनवर देऊळभर टाळ वाजतायत असं वाटलं. मंडळाने ते अभंग काकड्याला देवळाच्या भोंग्यावर लावले आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाई दारात. "ताई, आम्ही अकरा जणी टाळ वाजवत होतो. ते गेले कुठं?"

भोंगा एकच, म्हणजे मोनो. डावं-उजवं तिथे एकत्र होतं, आणि एक लाट वर जात असताना तिचीच उलटी प्रत खाली जात असेल तर बेरीज शून्य. माझे टाळ एकमेकांनीच खाल्ले होते. पाचही अभंग फुकट पुन्हा मिक्स करून दिले. त्या दिवसापासून आमच्याकडे निम्मं मिक्सिंग मोनोचं बटण दाबून होतं. मोनोत पेटी आणि गळा एकमेकांच्या अंगावर चढत असतील, तर त्यांना बाजूला सरकवून भांडण मिटत नाही, नुसतं लपतं. कुणाचा तरी आवाज कुठल्या तरी कंपनांच्या पट्ट्यात थोडा कमी करावाच लागतो.

खरा छळ बासचा, म्हणजे खालच्या जड आवाजाचा. खोलीत ऐकताना बास कमी वाटायचा, मी वाढवायची. तेच गाणं गिऱ्हाइकाच्या गाडीत लावलं की दारं थरथरायची. दोन वर्षं मला वाटत होतं की स्पीकर हलके आहेत, चांगले घ्यायला हवेत. दिरांनी कुठेतरी ऐकून अंड्यांचे ट्रे आणून भिंती भरल्या. आवाज किंचित बसका झाला, बास होता तसाच. होणारच. 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास कंपनांची लाट जवळपास सात मीटर लांब, तिला पुठ्ठ्याचा तो खड्डा कळतही नाही.

मग आकडेमोड केली. बारा फुटांच्या लांबीत साधारण 47 हर्ट्झला लाट दोन भिंतींमधे अडकून घुमते, दहा फुटांत 56 ला, आणि रुंदी-उंची सारखी असल्याने ती 56 दोनदा. अशी लाट भिंतींपाशी जोरात ऐकू येते आणि बरोब्बर मधे जवळजवळ गायब होते. माझी खुर्ची कुठे होती? बरोब्बर मधे. काळी एकमधलं गाणं असेल तर बासवरचा खालचा पंचम 52 च्या आसपास पडतो, म्हणजे नेमका ह्या दोन्हींच्या मधे. तो मला ऐकूच येत नव्हता आणि मी तो वाढवत होते.

खुर्ची पुढे सरकवली, समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर. त्याला पैसा लागला नाही. मग आवाज शोषणाऱ्या रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) चार इंच जाडीचे स्लॅब आणून, कापडात शिवून चारी कोपऱ्यांत तिरके उभे केले, मागे पोकळी ठेवून. उरलेल्या जागी सासूबाईंच्या दोन जुन्या कापसाच्या गाद्या. नव्या स्पीकरसाठी साठवलेले निम्मे पैसे शिल्लक राहिले. रुंदीच्या बाबतीत मी अजूनही मधेच बसते, नाहीतर डावं-उजवं बिघडतं, त्यामुळे 56 ची कुरकुर पूर्ण गेलेली नाही. तेवढ्यापुरता हेडफोन लावून बघते.

बास चुकण्याचं दुसरं कारण घरातलंच होतं. सासूबाई दुपारी झोपायच्या, रात्री सगळेच, म्हणून मी सगळं हळू आवाजात मिक्स करायची. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे 1933 मध्ये मोजून ठेवलंय. आता बासचा निर्णय सकाळी अकरानंतर, नेहमी एकाच ठरलेल्या आवाजावर. रात्री फक्त गळ्याची साफसफाई.

सासूबाईंचा दुसरा उपयोग आम्हाला उशिरा कळला. दार उघडं ठेवून गाणं लावलं की स्वयंपाकघरातून शेरा यायचा, "शब्द कळेनात गं." शेजारच्या खोलीत उभं राहून ऐकलं की गळा वर आहे की खाली ते लगेच समजतं, हे मोठ्या स्टुडिओतले लोकही करतात. आमच्याकडे त्यात कुकरची शिट्टीही असते.

एकदा एका कारागिराला परगावच्या गिऱ्हाइकाला तंबोऱ्याचा आवाज पाठवायचा होता. फोनवर तंबोरा पोचत नाही, कारण सतत वाजणारा सूर फोनला खरखर वाटते आणि तो ती दाबतो. म्हणून ते आमच्याकडे आले. मी रेकॉर्ड केलं, घुमतंय म्हणून दोनशे ते चारशे हर्ट्झचा भाग कापला, वर आवाजातला चढउतार दाबणारा कॉम्प्रेसर लावला. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "हा माझा तंबोरा न्हवं. ह्याचा भोपळा कुणी काढला?"

मग तीन तास नुसता माईक हलवला. तारा टेकतात त्या घोडीजवळ गेलं की जवारी, म्हणजे तारांची झणझण, कर्कश, भोपळ्याजवळ गेलं की सगळा घूम. दोन फुटांवर, दोन्हींच्या मधे तोंड करून ठेवला तेव्हा ते "हां" म्हणाले. त्या रेकॉर्डिंगवर एकही प्लगइन, म्हणजे आवाज बदलणारं सॉफ्टवेअर, नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर हे काम आमच्याकडे वाढत गेलं. दर कमी घेतो, पण त्यातून शिकते मी जास्त.

पैसा येतो तो प्रचारगीतांतून. "ताई, समोरच्या पार्टीपेक्षा मोठ्ठं वाजलं पाहिजे." सुरुवातीला मी लिमिटर, म्हणजे आवाजाची टोकं चेपून सगळं मोठं करणारं साधन, कचकचून दाबायची. यूट्यूब तशी गाणी उणे 14 लफ्सच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास खाली आणतं आणि चेपलेला ढोल चेपलेलाच राहतो. आता दोन फायली देते, एक प्रचाराच्या टेम्पोवरची, एक यूट्यूबची. टेम्पोवाल्या फायलीवर आमचं नाव घालू नका, एवढंच सांगते.

2019 चा पूर आणि पुढचं कोरोनाचं वर्ष, दोन्ही गणपतीचे हंगाम कोरडे गेले. तेव्हा घर दिरांच्या वाइंडिंगने चाललं.

अजून अडतं ते टाळांपाशीच. सगळ्यांनी एकत्र बसून म्हटलं तर टाळ गायिकेच्या माईकमध्ये घुसतात, मग गळा उजळ करायला गेलं की टाळच आधी उजळतात. टाळ नंतर वेगळे घेतले तर मंडळाचा ठेका सुटतो, बायका अवघडून गातात. सध्या टाळ दाराबाहेर बसवतो आणि दार बोटभर उघडं ठेवतो. पुढच्या गुरुवारी तेच अकरा जणींचं मंडळ परत येतंय. मे महिना आहे आणि रेकॉर्डिंगला पंखा बंद ठेवावा लागतो. दिरांनी बर्फाच्या लाद्या सांगून ठेवल्यात.