रोजच्या कपड्यांचा धंदा: आमची वाटचाल

आमच्या शेडमध्ये आज तीनच कपडे शिवले जातात. पुरुषांची बंडी, नेहरू शर्ट आणि कापूस वेचणाऱ्या बायांसाठी सदरा. तिन्ही सुती, तिन्ही रोज अंगावर घालायचे. लग्नाचे कपडे आम्ही घेत नाही. सुरुवातीला सगळ्यांनी सांगून पाहिलं की पैसा लग्नसराईत असतो, रोजच्या कपड्याला कोण विचारतं? पण लग्नाचा शालू वर्षातून दोनदा ट्रंकेतून निघतो आणि बाकीचे सगळे दिवस माणूस रोजच्या कपड्यात घाम गाळतो. त्या कपड्याकडे कुणीतरी मन लावून बघायला पाहिजे असं मला वाटत आलं आहे, आणि धंदा त्यावरच उभा केला.

दुकान मूळ माझ्या सासऱ्यांचं. हिंगणघाट आणि समुद्रपूरच्या मधल्या आमच्या गावात सत्तरच्या दशकापासून ते शिवत होते. मी लग्न होऊन आले तेव्हा ओसरीवर पायाच्या दोन मशिनी होत्या. माहेरी मी ब्लाउज, परकर, फ्रॉक शिवायला शिकले होते, कटिंगचा क्लासही केला होता. तरी मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, बंडी बेतताना पाहिलं आणि वाटलं, ही विद्या क्लासात कुणी शिकवलीच नाही.

शर्ट बेतताना आपण मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या जागी, गोलाई देतो, तिथे कापड वाया जातं. मामाजींच्या बंडीत गोलाई फक्त गळ्याला. अंग चौकोनी, बाही चौकोनी आणि काखेत एक छोटा चौकोनी तुकडा तिरपा बसवलेला. सगळे तुकडे कापडाच्या पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, असे बसायचे की खाली मूठभरही चिंधी पडत नसे. जुन्या काळी सूत घरी कातायचं, कापड कोष्ट्याकडून विणून आणायचं. वीतभर कापड फेकायची कुणाची छाती होती? काखेतल्या त्या तुकड्याचं काम मला वावरात गेल्यावर समजलं. हात वर करून बैलगाडीत कडबा टाकताना साधा शर्ट कमरेतून वर सरकतो, काखेत काचतो आणि शेवटी तिथेच उसवतो. बंडी जागची हलत नाही, कारण हात वर गेला की तो चौकोन उघडतो आणि खाली आला की मिटतो. आतल्या अंगाला एक खिसा, पैशासाठी. इतका विचार करून बेतलेला कपडा मी दुसरा पाहिलेला नाही.

त्या बंडीवर आमचं घर चालत होतं. गुढीपाडव्याला सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचं, साल ठरायचं, त्यात धान्य आणि पैशाबरोबर कपडेही असत. पोळ्याच्या आधीही गर्दी व्हायची. मग टेरिकॉट आलं. त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. रात्री धुतलं की सकाळी वाळलेलं, इस्त्री नको, वर्षानुवर्षं फाटत नाही. ज्याच्याकडे कपड्याचे दोनच जोड, त्याला ते हवंसं वाटणारच. पुढे बाजारात रेडिमेड शर्टांचे ढीग लागायला लागले, आणि आमच्याकडे फाल-पिको, पॅन्टची लांबी कमी करणं आणि चेन बदलणं एवढंच उरलं.

या गोष्टीचं दुःख विदर्भात जास्त आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाड आणि वर्ध्याकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. आमच्या हिंगणघाटच्या नावाने कापसाची एक जात विलायतेच्या बाजारात ओळखली जायची. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, नंतर पुलगाव, हिंगणघाट, अकोला, अचलपूरलाही गिरण्या झाल्या. म्हणजे पऱ्हाटीपासून (कापसाच्या झाडापासून) धोतरापर्यंत सगळं इथल्या इथे होत होतं. आज आमच्या गावातून कापसाच्या गाड्या भरून जातात, आणि ज्या बाईने तो वेचला तिच्या अंगावर पॉलिस्टर असतं.

बायांच्या कपड्यांचा बदल तर माझ्या डोळ्यांसमोर पुरा झाला. आजेसासू नऊवारी लुगडं नेसायच्या. कासोट्यामुळे चिखलात, धुऱ्यावरून (बांधावरून), वाकून निंदताना पाय मोकळे. चोळी गेली, झंपर आलं, मग ब्लाउज. लुगडं गेलं, सहावारी आली, आणि पाय परकरात अडकले. म्हणून वावरात जाताना बाया पदर खोचतात, निऱ्या वर ओढून घेतात आणि वरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट उन्हापासून वाचवतो, पऱ्हाटीच्या काड्यांचे ओरखडे लागू देत नाही आणि सुकलेल्या बोंडाच्या टोकांपासून मनगट राखतो. विदर्भाच्या कोणत्याही रस्त्याने दिवाळीनंतर जा, हा पोशाख दिसेल. ही इथल्या बायांनी स्वतः काढलेली फॅशन आहे. कुणी शिकवली नाही, कुठे छापून आली नाही. मला मात्र ती सगळ्यात जास्त शिकवून गेली.

आमच्याकडे जुने शर्ट दुरुस्तीला घेऊन येणारी एक म्हातारी होती. काखेत ठिगळ लावून घेताना तिने विचारलं, "पोरी, बायकाइच्या कपड्याले खिसा काऊन नसते वं? पुरुषाचा शर्ट मी खिशासाठी बी घालतो." तिच्या त्या बोलण्याने मी कामाला लागले. नवऱ्याचा शर्ट खांद्यावरून उतरतो, छातीवर आवळतो, बाह्या दुमडाव्या लागतात. तर मग बाईच्याच मापाचा, वावरासाठीच बेतलेला सदरा का नको?

पहिला सदरा मी मामाजींच्या बंडीवरून बेतला. काखेत तोच चौकोन. दोन्ही बाजूंना चीर, म्हणजे साडीच्या निऱ्यांवरून सदरा मोकळा पडतो. बाहीच्या टोकाला बटण, कारण सैल बाही काड्यांत अडकते. पाठीच्या वरच्या भागाला दुहेरी कापड, ऊन तिथेच जास्त लागतं. आणि खिसे दोन. एक बाहेर, मोबाइल मावेल एवढा, वर झाकण असलेला. दुसरा आतून, पैशाचा.

वेचणीची ओटी, म्हणजे वेचलेला कापूस टाकायची झोळी, बाया कमरेला बांधतात. कापूस भरत गेला की सगळा भार कमरेवर आणि पोटावर येतो. आम्ही ओटीला खांद्यावरून पाठीत फुली होणारे पट्टे लावले आणि तळाशी नाडी ठेवली. ढिगाजवळ जाऊन नाडी सोडली की कापूस खाली. सोबत डोक्याला बांधायचा सुती रुमाल देतो. त्यामागे पैशाचाही हिशेब आहे. कापसात केस, प्लास्टिकच्या पोत्याचे धागे किंवा नायलॉनचा रंगीत दोरा गेला तर तो सुतापर्यंत जातो, रंग धरत नाही आणि कापडावर डाग म्हणून उमटतो. जिनिंगवाले (कापसातून सरकी काढणारे) असा माल पाहून भाव पाडतात. डोक्यावर सुती रुमाल आणि सुती ओटी असली की कापूस स्वच्छ येतो. आमच्या गावात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झाली की वेचणी लागते, त्याच्या आधी ओट्यांची मागणी सुरू होते ती याच कारणाने.

खिशाचे कोपरे मात्र टिकत नव्हते. तेव्हा मला जीन्सची गोष्ट उपयोगी पडली. अमेरिकेतल्या रिनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका मजुराच्या बायकोने त्याच्याकडे नवऱ्यासाठी न फाटणारी पॅन्ट मागितली, असं सांगतात. त्याने खिशाच्या कोपऱ्यांना तांब्याच्या खिळ्या ठोकल्या. ज्यांच्याकडून तो कापड घ्यायचा त्या लेव्ही स्ट्रॉसना सोबत घेऊन १८७३ मध्ये त्याने पेटंट घेतलं. आज सगळं जग जी पॅन्ट घालतं ती अशी एका मजुराच्या फाटक्या खिशातून निघाली! आम्ही खिळी लावली नाही, उन्हात तापते आणि धुताना दगडावर आदळते. कोपऱ्यावर आडवी घट्ट शिलाई घेतो आणि आतून कापडाचा छोटा तुकडा लावतो. आता खिसा फाटायच्या आधी सदरा विरतो.

कापड मिळवायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ पासून आहे, तिथे चरखे आणि खादी बघायला मी मुद्दाम गेले. सेवाग्राम आमच्यापासून लांब नाही. लहानपणापासून तिथे सहलीला गेलो, पण कापड हातात घेऊन, धागा उलगडून बघितलं ते धंद्यात पडल्यावरच. आम्ही हातमागाचं जाड सुती कापड वापरतो. त्याला खादी म्हणून विकत नाही, कारण खादी म्हणजे सूतही हाताचं हवं आणि खादी म्हणून विकायला रीतसर प्रमाणपत्र लागतं. कापड आलं की रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच कात्री लावायची. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि बाईने पैसे मोजून घेतलेला सदरा महिन्याभरात अंगाला आवळू लागला तर ती परत येणार नाही.

मधल्या काळात शहरातल्या एका दुकानाने उधारीवर भरपूर माल उचलला आणि पैसे अजून दिले नाहीत. तेव्हापासून आगाऊ रक्कम आल्याशिवाय आम्ही माल पाठवत नाही. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांसारखे मास्क शिवले.

एका गोष्टीवर आम्ही ठाम आहोत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्यानंतर आमच्याकडे लोक आले, म्हणाले, हाच सदरा फवारणीचा ड्रेस म्हणून विका, खूप चालेल. आम्ही नाही म्हटलं आणि आजही नाहीच म्हणतो. सुती कापड औषध पिऊन घेतं आणि अंगाला चिकटवून ठेवतं. फवारणीला त्यासाठीच बनवलेला पोशाख, मास्क, हातमोजे आणि चष्मा लागतो. सदऱ्याच्या प्रत्येक पाकिटात आम्ही तशी मराठीत चिठ्ठी घालतो. कुणाच्या जिवावर कपडा विकायचा नाही.

आता पुण्या-मुंबईहून बंडीच्या ऑर्डरी येतात. काही जण सांगतात, काखेतला तो चौकोन काढा, शर्टासारखी फिटिंग द्या. आम्ही बदलत नाही. जी बंडी गावातला माणूस धुऱ्यावर घालतो, तीच शहरातला माणूस ऑफिसात घालेल, रंग फार तर वेगळा. भाव मात्र दोन आहेत. गावातल्या बायांना वेचणीचा सदरा कमी नफ्यावर देतो आणि शहरातल्या विक्रीतून तो भरून काढतो. शहरातल्या गिऱ्हाइकांना हे आधीच सांगतो, आजवर कुणी कुरकुर केली नाही.

शेडमध्ये शिवणाऱ्या सगळ्या गावातल्याच बाया. वेचणीच्या दिवसांत त्यांतल्या काही जणी सकाळी वावरात आणि दुपारी मशिनवर असतात. सदऱ्यातली खोट त्यांच्याइतकी लवकर कुणी सांगत नाही. यंदा त्यांच्या सांगण्यावरून मानेला उभी पट्टी दिली, कारण वाकून काम करताना मान भाजते.

आमच्या विदर्भातल्याच, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा अंगात चिंध्या जोडून शिवलेला कपडा घालून गावोगाव फिरले. ज्या भागात असा माणूस झाला तिथे ठिगळाची लाज कशाला? आम्ही विकलेला कपडा उसवला, फाटला तर बाजाराच्या दिवशी फुकट दुरुस्त करून देतो. ठिगळ कपड्याच्याच रंगाचं लावायचं की वेगळं, ते गिऱ्हाइकाने सांगायचं. बहुतेक बाया वेगळं सांगतात, आणि फुलाच्या छापाचं मागतात. म्हणून कटिंगच्या टेबलाखाली छापील तुकड्यांचं एक पोतं कायम भरलेलं असतं.