खुणेवर शिवलेल्या फिती

सोमवार ते शनिवार अंगावर असायचा तो गणवेश आणि रविवारी पहाटे चढायची ती वर्दी. हे दोन शब्द आमच्या तोंडी कधी अदलाबदल झाले नाहीत. १९९१ साली आठवीत एनसीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेच्या, एअर विंगला (हवाई शाखेला) माझं नाव लागलं आणि शाळेच्याच मैदानावर मी ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘दाहिने मुड’ असा हिंदीत वळू लागलो.

वर्दी सरकारी, वापरून परत करायची. वाटपाच्या दिवशी बाकांवर ढीग पडला आणि ज्याच्या हाती जे आलं ते त्याचं. माझ्या वाट्याचा फिकट निळा शर्ट खांद्यावरून चांगला दोन बोटं उतरत होता. घरी आई तो आत घ्यायला बसली आणि थबकली. उन्हाने विटलेल्या बाहीवर एकाखाली एक तीन व्ही उमटले होते, बाकी कापडापेक्षा गडद. आधी हा शर्ट कुणा सार्जंटचा असणार. फिती उसवून त्याने तो जमा केला, पण फितींखाली ऊन पोचलंच नव्हतं. “आल्या आल्याच सार्जंट झालास की रे!” आई म्हणाली.

बेरे टोपीचं प्रकरण वेगळंच. नवी टोपी डोक्यावर डोशासारखी पसरायची. ती भिजवून, डोक्यावरच वाळवून, उजवीकडे ओढून बसवावी लागे, बिल्ला बरोबर डाव्या डोळ्यावर. पट्ट्याचं पितळ ब्रासोने, बूट पॉलिश आणि थुंकीने. शर्टाला भाताच्या पेजेची खळ. एवढं करून लोकलमध्ये चढलो, तर एका आजींनी विचारलं, “कुठल्या बँडात वाजवतोस रे बाळा?” खाकीतल्या आर्मी विंगच्या पोरांना हा प्रश्न कुणी विचारत नसे, याचं आम्हाला फार वाईट वाटायचं.

आमचे चित्रकलेचे सर रविवारी थर्ड ऑफिसर, म्हणजे आमचे एनसीसीचे अधिकारी, होत. त्यांनीच एकदा फळ्यावर रंगीत खडूंनी एनसीसीचा झेंडा काढला: लाल, गडद निळा, फिकट निळा. भूदल, नौदल, हवाई दल. असा तिरंगी झेंडा १९५४ साली आला. त्याच्या मधोमध एनसीसीची अक्षरं आणि भोवती कमळं; आज ती १७ आहेत, एनसीसीच्या १७ संचालनालयांची. एनसीसी १९४८ ची, पण आमची फिकट निळी पट्टी १ एप्रिल १९५० ची. त्या दिवशी एअर विंगची सुरुवात झाली ती मुंबई आणि कोलकाता इथल्या एकेका स्क्वॉड्रनने. म्हणजे ही निळी वर्दी मूळची आपल्याच गावची, असं सर म्हणाले, तेव्हा बँडवाला प्रश्न मी मनातल्या मनात माफ केला. नौदलाची विंग १९५२ ची, आमच्याहून दोन वर्षांनी धाकटी, हेही आम्ही लक्षात ठेवलं. कुठे ना कुठे उपयोगी पडतं.

हुद्द्यांची नावंही आमची निराळी. आर्मीत एका फितीचा लान्स कार्पोरल, तर आमच्यात लीडिंग फ्लाइट कॅडेट. नाव एवढं भारदस्त, आणि उडवायचं काय, तर बाल्साच्या लाकडाचं चिकटवलेलं विमान. माझं पहिलं विमान शाळेच्या पत्र्यावर गेलं ते परत आलं नाही.

नववीत मला दोन फिती मिळाल्या. आईने त्या जुन्या खुणांवरच नेमक्या बसवल्या; “रेघा आखायला नकोत,” म्हणाली. तिसरी खूण खाली उघडीच राहिली. परेडला उभा असलो की माझी नजर तिथेच जायची. तिसरी फीत काही मिळाली नाही. ‘ए’ सर्टिफिकेट, एनसीसीतलं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र, मात्र मिळालं.

वर्षअखेरीस वर्दी जमा करायची म्हणून आदल्या रात्री ब्लेडने टाके उसवले. फितींखालच्या दोन खुणा तशाच गडद होत्या. तिसरी दोन वर्षांच्या उन्हात जवळजवळ पुसली होती. सकाळी सरांनी शर्ट उलटसुलट करून पाहिला, रजिस्टरात ‘शर्ट, १’ पुढे बरोबरची खूण केली आणि तो ढिगावर ठेवला.