वाडीला एसटी पाहिजे तर आधी वाडीची माणसं मोजून द्या (माझा अनुभव)

आमच्या वाडीत आता सकाळ संध्याकाळ एसटी येते, त्याचा आनंद आहेच पण अर्ज जिथे अडकून पडला होता ते टेबल आठवलं की अजून डोकं तापतं. सातारा जिल्ह्यात पश्चिमेला डोंगरात कितीतरी वाड्यांची हीच गत आहे म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

ग्रामसभेचा ठराव, सरपंचांचं पत्र, आगार व्यवस्थापकांच्या नावाने अर्ज, हे पटापट झालं. गाडं अडलं लोकसंख्येवर. साहेबांनी २०११ च्या जनगणनेची यादी काढली आणि म्हणाले, "या नावाचं गावच नाही यात, आणि तुम्ही ज्या गावात मोडता तिथे गाडी चालू आहे." जनगणनेचा आकडा छापतात महसुली गावाचा, वाड्या वस्त्यांचा वेगळा नाही. आमची गट ग्रामपंचायत, मूळ गाव खाली डांबरी रस्त्याला, थांबा तिथे, आणि आम्ही तिथून चार किलोमीटर चढून वर. म्हणजे कागदावर आमची सोय झालेली आणि इकडे दहावीच्या पोरी पावसाळ्यात अंधार पडल्यावर चालत घरी यायच्या. बाळंतपणाची बाई खाली न्यायची तर कोणाची तरी जीप शोधायची.

वाडीचा आकडा आणा म्हणाले. तहसीलला गेलो तर पंचायत समितीत विचारा, पंचायत समितीत म्हणे नवीन जनगणना होऊ दे मग मिळेल. अहो २०२१ ची झालीच नाही, आता २०२७ ला होणार, तोवर या पोरींनी काय करायचं? हे मी तिथे मोठ्याने विचारलं, आणि बरं केलं असंच मला आजही वाटतं, कारण तेव्हा कुठे एका वयस्कर क्लार्कने सांगितलं की अंगणवाडीचं रजिस्टर बघा.

तर हे नीट लक्षात ठेवा. अंगणवाडी ताईंकडे कुटुंब सर्वेक्षणाचं रजिस्टर असतं, घरनिहाय, नाव वय सगळं. आमच्या ताईंनी ते अगदी नेटकं ठेवलं होतं. ग्रामसेवकांनी ते ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीशी, म्हणजे नमुना ८ शी, ताडून बघितलं आणि वाडीच्या लोकसंख्येचा दाखला सहीशिक्क्यानिशी दिला. चारशेच्या वर माणसं निघाली! तो दाखला टेबलावर ठेवल्यावर मग कोणी काही बोललं नाही.

नुसती लोकसंख्या देऊ नका, रोज चढणारी माणसं किती ते दाखवा, त्यांना भारमान लागतं, म्हणजे गाडी किती भरून जाते ते. आम्ही हायस्कूलमधून मुलामुलींची यादी आणून जोडली. कोणी म्हणालंच की तुमच्याकडे सगळे सवलतवाले, उत्पन्न कुठून येणार, तर सांगा की मुलींचा बारावीपर्यंतचा मोफत पास, बायकांचं अर्धं तिकीट, ७५ वरच्यांचा फुकट प्रवास, या सगळ्याचे पैसे सरकार महामंडळाला देतं.

रस्त्याचं सांगायचं राहिलं. बांधकाम खात्याकडून रस्ता बसला योग्य असल्याचा दाखला अर्जाबरोबरच द्या, नंतर मागतात आणि वेळ जातो. मग डेपोची माणसं रिकामी गाडी घेऊन सर्व्हेला येतात, वळणं बघतात, साइडपट्ट्या बघतात, आणि शेवटी गाडी वळवायला जागा आहे का ते बघतात. आमच्या पोरांनी आदल्या दिवशी फांद्या तोडल्या, देवळापुढची जागा मुरूम टाकून सपाट केली, गाडी एका दमात वळली. पोरांचा खरंच अभिमान वाटला.

आणि प्रत्येक कागदाची पोच घ्या, तारखेसकट. आमचा अर्ज मध्ये सापडत नव्हता तेव्हा पोचच कामी आली. संध्याकाळची गाडी मुक्कामी हवी असेल तर ड्रायव्हर कंडक्टरच्या झोपायची, संडासची सोय ठरावातच लिहा. दुपारची फेरी अजून नाही, अकरावीच्या मुलांना दोन तास खाली थांबावं लागतं, त्याचा अर्ज आता दिलाय.