जामीन कोण राहणार?

परिविक्षा अधिकारी म्हणजे नक्की कोण, हे तासगाव तालुक्यातल्या त्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पोलीस नाही, कोर्टातली नाही, मग मॅडम आल्यात कशाला? पोराला सोडवायलाच, असं बहुतेकांनी ठरवून टाकलं होतं. ती अधिकारी मीच. दोषी ठरलेल्याला तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली सोडता येईल का, याचा अहवाल कोर्टाला द्यायचा आणि सोडलं तर त्याच्यावर लक्ष ठेवायचं, हे माझं काम.

पोरगं वीस वर्षांचं. शेजारच्या शिवारातल्या द्राक्षबागेच्या पाण्याच्या मोटारीची केबल रात्रीत कापली, वरचं रबर जाळलं आणि तांबं भंगारात घातलं. गुन्हा पहिलाच, तोही कोर्टात कबूल केलेला. १९५८ च्या परिविक्षा कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्यात एकवीस वर्षांखालच्या आरोपीला तुरुंगात पाठवण्याआधी न्यायाधीशांना आमचा अहवाल मागवावा लागतो आणि पाठवायचंच ठरलं तर त्याची कारणं लिहावी लागतात. त्या अहवालासाठी मी गेले होते.

आधी बागायतदाराकडे गेले. "केबलचे पैसे राहू द्या मॅडम. खरड छाटणी झालेली, वर ऊन असलं. बाग वाळली असती तर कोण भरून देणार होतं?" त्यांचा राग रास्त होता. मी तो त्यांच्याच शब्दांत लिहून घेतला.

खरी गाठ पडली मारुतीच्या देवळापुढे. भावकी जमली होती. त्यातले वडीलधारे म्हणाले, "कोर्टाला काय करायचं ते करू दे. आमचं ठरलंय. त्या घरात कुणी जायचं न्हाय, कार्याला बोलवायचं न्हाय, हाताला काम द्यायचं न्हाय." पोरगा भावकीतला आणि पोलीस पाटीलही भावकीतलेच. ते जमिनीकडे बघत बसले होते.

मी स्पष्ट सांगितलं, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे आणि जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. चोरी पोरानं केली, त्याची आई बेदाण्याच्या शेडवर दिवसभर निवडायला बसते. तिला वाळीत टाकलंत तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल.

सगळे गप्प झाले. पण नुसतं गप्प करून माझं काम होणार नव्हतं. मग म्हटलं, पोलीस याला कधीमधी बघतील, मी महिन्यातून बघेन. तुम्ही रोज बघता. तुम्ही सगळ्यांनी दार लावलंत तर त्याला उघडं दार एकच उरतं, चोरीचं तांबं घेणाऱ्याचं.

हे मी फार मनापासून मानते. वर्दीच्या धाकानं माणूस त्या रात्रीपुरता थांबतो. रोज सकाळी त्याला कामावर ओढून नेतं ते ओळखीच्या माणसाचं बोलणं. मात्र सगळं गावावरच सोडलं तर गाव आईलाही उपाशी ठेवू शकतं, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून दोन्ही लागतं. आपल्याच सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला औंध संस्थानानं १९३९ मध्ये खुली वसाहत काढली. तिथे कैदी बायकापोरांसह राहून शेती करत आले आहेत. कुंपणाशिवाय माणूस बांधला जातो, हे इथल्या मातीला नवं नाही.

"जामीन कोण राहणार?" मी विचारलं. म्हणजे पोरगं नीट वागेल याची कोर्टापुढे हमी कोण घेणार? चुलत्यानं मान फिरवली. भावकीतला एकही माणूस बोलला नाही. शेवटी बेदाणा शेडचे मालक पुढे आले. ते भावकीतले नव्हते. "माझा सातबारा देतो. पण सकाळी आठला पोरगं शेडवर दिसलं पाहिजे. न्हाय दिसलं तर पहिला फोन मॅडमनाच." अहवालात मी त्यांचं हे वाक्य जसंच्या तसं घातलं. त्याहून चांगली शिफारस मला सुचली नसती.

कोर्टानं दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेतलं, माझी देखरेख लावली आणि बागायतदाराला भरपाई द्यायला सांगितलं. "म्हणजे सुटलाच की," बागायतदार म्हणाले. मी सांगितलं, दोषी ठरलाय. अट मोडली तर मूळ चोरीची शिक्षा तशीच समोर आहे. त्यांना ते पुरतं पटलं नाही.

पोरगं शेडवर जातंय. भावकीनं मधल्या एका लग्नाला आईला बोलावलं, त्याला नाही. पुढच्या भेटीत चुलत्याशी त्यावर बोलायचं आहे.